तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं: लाजरला नाव आहे, श्रीमंताला नाही

सगळ्यांना सलाम. मागच्या अंकात मी बायबलमधल्या लूक 16 मधल्या श्रीमंत माणूस आणि लाजरच्या दाखल्याबद्दल जाता जाता एक गोष्ट लिहिली होती, की प्रभू येशूने एवढे दाखले सांगितले, उधळ्या मुलगा, पेरणारा, दहा कुमारी, पण त्यातल्या कोणालाच नाव नाही. नाव फक्त एकाला, दारात पडून असलेल्या, अंगभर फोड आलेल्या लाजरला (अब्राहाम आहे पण तो काय आपला आधीचाच ओळखीचा). आणि जांभळे कपडे घालून रोज मेजवानी झोडणारा श्रीमंत मात्र बिननावाचा. आपल्याकडे उलटं असतं ना, देणगीदाराचं नाव फरशीवर कोरलेलं आणि घेणारे सगळे "गोरगरीब". एवढंच लिहिलं होतं पण त्यावर इतके मेसेज आले की ह्या वेळी सगळे प्रश्न ह्याच विषयावरचे घेतेय. नावं छापत नाही, गावं फक्त देते.

प्रश्न (पुणे): ताई, रविवारी उपासनेहून येताना सिग्नलला एक सात-आठ वर्षांची मुलगी पेनं विकायला आली. मी काच वर केली कारण मी कुठेतरी वाचलंय की ह्या मुलांच्या मागे टोळ्या असतात. मागे बसलेली माझी मुलगी पण तेवढीच आहे, ती म्हणाली आई तू आत्ताच चर्चमध्ये दान टाकलंस ना मग हिला का नाही. मला उत्तरच देता आलं नाही. काय करायला हवं होतं?

उत्तर: सगळ्यात आधी, तुमच्या मुलीला शाबासकी द्या. उपदेश नीट ऐकणारं तुमच्या गाडीत एकच माणूस होतं.

आता माझं मत. लहान मुलांच्या हातात पैसे देऊ नये, असं मला वाटतं. टोळी असो नसो, पोराच्या हाताला मोठ्या माणसापेक्षा जास्त पैसे मिळतात हे कळलं की ते पोर शाळेत जात नाही, रस्त्यावरच राहतं, घरचेच ठेवतात, आणि घरच्यांना तरी किती दोष द्यायचा. म्हणून मी पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू ठेवते, चिक्की ठेवते, केळी असली तर केळी. पोर फार लहान असेल, आजारी दिसत असेल, त्याला कोणी मारताना दिसलं तर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, मी दोनदा लावलाय.

पण पैसे न देणं वेगळं आणि काच वर करणं वेगळं, ही गल्लत आपण सगळेच करतो. त्या श्रीमंताने लाजरला मारलं नव्हतं की हाकललं नव्हतं, बायबलमध्ये तसा एक शब्द नाही. तो फक्त रोज त्याच दारातून आत-बाहेर करत राहिला. आणि गंमत बघा, मेल्यावर नरकातून त्याने लाजरला बरोबर ओळखलं, नावानिशी, "लाजरला पाठव, त्याचं बोट पाण्यात बुडवून माझ्या जिभेला लाव". म्हणजे नाव माहीत होतं त्याला!

माझं सांगते. नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर एक म्हातारी बसायची, मी शाळेत नोकरीला असताना जवळजवळ वर्षभर रोज तिच्या ताटलीत नाणं टाकायचे आणि आपण बरे आहोत असं वाटून बसमध्ये चढायचे. एक दिवस ती म्हणाली, बाई रोज देता, नाव काय तुमचं, देवाला सांगायला नाव लागतं ना. मी नाव सांगितलं आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी तिचं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं. मग हळूहळू कळलं की तिला एक मुलगा आहे, मोतीबिंदू झालाय, भीक मागायला लाज वाटते म्हणून ती घरापासून लांबच्या स्टँडवर येते. ऑपरेशन झालं तिचं नंतर, ती गोष्ट वेगळी. पण ते नाणं टाकून टाकून वर्षभरात जे झालं नसतं ते नाव विचारल्यावर महिन्यात झालं.

पुढच्या रविवारी काच खाली करा, पेन घ्यायचं असेल तर घ्या, लाडू द्या, आणि नाव मुलीलाच विचारू द्या. मुलांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

प्रश्न (मुंबई): मी दर महिन्याला दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, न चुकता चर्चला देतो. आमच्याकडे आठ वर्षं काम करणाऱ्या मावशींच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, त्यांनी 15,000 रुपये उचल मागितली. मिसेस म्हणते ह्या महिन्याचा दशमांश त्यांना दे. मला वाटतं दशमांश देवाचा आहे तो चर्चलाच गेला पाहिजे. बरोबर कोण? आणि उचल दिली तर पगारातून कापावी की सोडून द्यावी?

उत्तर: बंधू, मिसेसच्या बाजूने बायबलमधल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायातल्या शेवटच्या दोन ओळी आहेत, 28 आणि 29, त्या काढून वाचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात साठवून ठेवायचा, आणि तो कोणासाठी तर लेवी (देवाच्या घरची सेवा करणारे), परका, पोरका आणि विधवा, त्यांनी येऊन पोटभर जेवावं म्हणून. म्हणजे दशमांशात गरिबाचा वाटा देवानेच घातलाय, मिसेसनी नाही. आता पाळकसाहेब (चर्चचे पाद्री) मला फोन करणार हे मला माहीत आहे. पाळकांचा पगार, चर्चचं लाईट बिल हे सगळं दशमांशावरच चालतं, ते बंद करा असं मी म्हणत नाहीये. तुमच्या पाळकांना जाऊन सरळ सांगा की ह्या महिन्याचं असं असं झालंय. बहुतेक पाळक हो म्हणतील, नाही म्हणाले तर मला कळवा.

पण मला खरी काळजी दुसरीच वाटली. तुम्ही दशमांशाचा हिशोब नीट लिहिलात, उचलेचा आकडा लिहिलात, आणि मावशींचा पगार किती ते कुठेच लिहिलं नाही. आठ वर्षांत किती वेळा वाढवला? खाडे कापता का? तुम्ही सुट्टीला गावी जाता तेव्हाचे दिवस कापता का (खूप जण कापतात, आणि मग गावच्या चर्चला जाऊन साक्ष देतात)? त्याच अनुवादाच्या 24 व्या अध्यायात लिहिलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्याकडे लागलेला आहे. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडतेय आणि तो आवाज देवाच्या कानात गेलाय. दान ही फार पुढची गोष्ट आहे, आधी जे तिचं आहे ते तिला मिळू दे. पंधरा हजारासाठी जिला हात पसरावा लागतो तिला आठ वर्षांत आपण काय दिलं हा हिशोब दशमांशाच्या वहीत बसत नाही, पण करा.

कापायची का सोडायची? तिने उचल मागितली आहे, मदत नाही मागितली, तो तिचा मान आहे, तो ठेवा. "राहू दे, देऊ नको" असं मोठेपणाने पहिल्याच दिवशी म्हटलं तर ती आयुष्यभर तुमच्यासमोर खाली मान घालून भांडी घासेल. महिन्याला 500 कापा, दोन-तीन महिने कापा, मग एका पगाराला पूर्ण पाकीट द्या आणि पगार वाढवलाय असं सांगा. आणि बोनस नाताळला नको, तिच्या दिवाळीला द्या, दिवाळीच्या आधी, नंतर नाही.

अजून एक, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. धर्मादाय ट्रस्टची जी मोठमोठी हॉस्पिटलं आहेत त्यांना 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, हायकोर्टाने 2006 साली ठरवून दिलेली योजना आहे ही. काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. तिथे मावशी एकट्या गेल्या तर त्यांना चार खिडक्या फिरवतील, तुम्ही शर्ट इन करून, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन बरोबर गेलात तर मेडिकल सोशल वर्करच्या टेबलापर्यंत पोचाल. तुमची अर्ध्या दिवसाची रजा पंधरा हजारापेक्षा जास्त कामाची ठरू शकते.

प्रश्न (नगर): आमचा तरुण संघ नाताळच्या आधी थंडीत ब्लँकेट वाटतो. काही सीनियर लोक म्हणतात फोटो काढू नका, बॅनर लावू नका. पण फोटो टाकले नाहीत तर पुढच्या वर्षी देणगी कशी येणार?

उत्तर: ब्लँकेटच्या गठ्ठ्यांचे फोटो टाका, दुकानाच्या बिलाचा फोटो टाका, हिशोब टाका. रात्री अकरा वाजता फूटपाथवर झोपलेल्या माणसाला उठवून, तोंडावर फ्लॅश मारून, चौघांनी एकच ब्लँकेट धरून काढलेला फोटो टाकू नका. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं मत्तय 6 मध्ये आहे, तुमच्या संघाचं तर तीन ग्रुपवर आणि स्टेटसला सगळ्यांना कळलं. आणि मार्चमध्ये पण एकदा जाऊन बघा त्या ब्लँकेटांचं काय झालं, खूप शिकायला मिळेल.

प्रश्न (संगमनेर): नाशिक-पुणे रोडवर आमच्या डोळ्यासमोर मोटारसायकलवाला पडला. आम्ही थांबलो नाही, पोलीस केस, कोर्टाच्या तारखा ह्याची भीती वाटली. तेव्हापासून बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची, वाचली की कसंतरी होतं. आमचं चुकलं का?

उत्तर: चुकलं. पण मी पण एकदा अशीच पुढे गेलेली आहे, म्हणून तुमच्यावर दगड मारत नाही. भीती कशाची होती ते बोलू.

2019 साली मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा त्यात 134 अ हे कलम आलं. अपघातातल्या माणसाला चांगल्या मनाने मदत केली आणि तरी तो दगावला तर मदत करणाऱ्यावर केस होत नाही. पोलिसांना किंवा हॉस्पिटलला तुम्ही नाव-पत्ता द्यायलाच पाहिजे अशी जबरदस्ती नाही, साक्षीदार व्हायचं का नाही ते तुम्ही ठरवायचं, आणि ॲडमिट करायला तुमच्याकडून पैसे मागायचे नाहीत. त्याच्या आधीच 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे नियम सगळ्या देशाला लागू केले होते. आणि ह्या कायद्यात मदत करणाऱ्याला शब्द कोणता वापरलाय माहितीये का, गुड समॅरिटन! शोमरोनीच. लूक 10 मधला माणूस दिल्लीच्या कायद्यात जाऊन बसला आणि आपण चर्चवाले गाडी पळवतोय.

आपल्याकडे 108 ला फोन लावला की ॲम्ब्युलन्स येते, पैसे लागत नाहीत. मान वळवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, ट्रॅफिक थांबवा. एवढं कोणालाही येतं.

त्या गोष्टीत मला आवडतो तो शेवटचा भाग, जो उपदेशात बहुतेक राहून जातो. शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, सकाळी मालकाला दोन दीनार देतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि वर म्हणतो जास्त लागले तर लिहून ठेव, परत येईन तेव्हा देतो. खातंच उघडलं त्याने! आणि मग गेला आपल्या कामाला. नोकरी-धंदा सोडून बसला नाही तिथे.

प्रश्न (पुणे जिल्हा): आम्ही बिल्डिंगमधल्या एका आजारी कुटुंबाला डबा देतो. शेजारचे म्हणाले, तुम्ही लोक असंच सुरू करता आणि मग धर्म बदलायला लावता. खूप लागलं मनाला. डबा बंद करावा का?

उत्तर: डबा चालू ठेवा. डब्याबरोबर पत्रक, बायबल, मीटिंगचं आमंत्रण, काहीही देऊ नका. ते लोक स्वतःहून विचारतील तुम्ही कोणावर विश्वास ठेवता, तर खरं सांगा, लपवायचं काही नाही. नाही विचारलं तर नाही, डबा डबाच आहे. त्यांच्या घरात शनिवारी काय चालत नाही, श्रावणात काय चालत नाही ते मात्र विचारून घ्या, मागे एका ताईंनी प्रेमाने अंडाकरी पाठवली होती चतुर्थीला.

हा संशय आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि 1893 मध्ये मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून एवढा गहजब झाला की सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकरांसारख्या माणसांनी अंग काढून घेतलं, किती पालक मुलींना घेऊन गेले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलतही नाही. तुम्हाला त्यांची बाजू पटेल, मला पटते, पण त्या पालकांची भीती पण मला समजते हो. दुष्काळात मिशनकडून धान्य मिळालं आणि मग गावंच्या गावं चर्चमध्ये आली असं आपल्या नगर जिल्ह्यात झालेलंच आहे, आपल्यातल्या अनेकांच्या घराण्याची कहाणी तिथूनच सुरू होते, "भाकरीचे ख्रिस्ती" म्हणून टोमणे आपल्या आजोबांनी ऐकलेत. भुकेलेल्याला भाकरी दिली ह्याची मला लाज नाही वाटत, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला कोणी शेजारी बसवलं आणि तो तिथेच राहिला ह्यातही मला नवल वाटत नाही. पण भाकरीला अट घातली की ती मजुरी झाली, दया नाही राहिली. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच, तोही शोमरोनी. बाकीच्या नऊ जणांचा रोग काही परत आला नाही.

शेजाऱ्यांना एक दिवस डब्याची पाळी घ्यायला सांगून बघा. चिडून नाही, सहज. मंगळवार तुमचा, म्हणावं.

प्रश्न (राहुरी तालुका): ताई, माझे मालक वारून चार वर्षं झाली. दोन मुलं, मी कांदा काढणी, कापूस वेचणी जिथे मिळेल तिथे जाते. चर्चमध्ये दानाची थैली आली की मी मान खाली घालते, कधी कधी काहीच नसतं. विधवेच्या दोन दमड्यांवर उपदेश झाला की सगळे माझ्याकडे बघतात असं वाटतं. शेजारी एक म्हातारी आहे तिला कोणी नाही, तिला रात्री अर्धी भाकरी देते तेवढंच, बाकी माझ्याच्याने कोणाची सेवा होत नाही. देव रागावेल का?

उत्तर: बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तुला अहो-जाहो करायला मला जमणार नाही, राग मानू नको.

तो मार्क 12 मधला भाग आपल्याला अर्धाच ऐकवतात. विधवा दोन दमड्या टाकते त्याच्या बरोबर आधीची ओळ काय आहे? प्रभू शास्त्र्यांबद्दल म्हणतो, हे लोक विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि लगेच पुढे ही बाई येते आणि होतं नव्हतं ते सगळं टाकून जाते. मला तरी ते वाचून कौतुकापेक्षा राग जास्त ऐकू येतो प्रभूचा, की जिला मंदिराने द्यायला पाहिजे तिच्याकडूनच मंदिर घेतंय. त्याच्या पुढच्याच अध्यायात तो म्हणतो ह्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. तेव्हा थैली आली की मान खाली घालायची तुला गरज नाही, ज्यांच्या मंडळीत तू चार वर्षं अशी बसतेस त्यांना आहे. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत पहिलं भांडण कशावरून झालं, तर रोजच्या वाढण्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं म्हणून, आणि प्रेषितांनी खास त्या कामाला सात माणसं नेमली, कृत्ये 6. हा अंक तुझ्या पाळकसाहेबांकडे पण जातो, वाचतील ते.

आता कामाचं. तुझं वय 65 च्या आत आहे आणि मालक वारलेत, तर संजय गांधी निराधार योजनेत तू बसू शकतेस, महिन्याला 1500 रुपये बँक खात्यात येतात. वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 21,000 च्या आतला लागतो किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. मालकांचा मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, पासबुक, मुलांचे जन्मदाखले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याकडे जावं लागेल, अर्ज तहसीलमध्ये किंवा सेतूत. एका फेरीत होत नाही हे आधीच सांगते, पावती घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.

आणि ती अर्धी भाकरी. मिझोराममध्ये आपल्यासारख्याच चर्चच्या बायका शंभर वर्षांहून जास्त काळ एक रीत पाळतात, प्रत्येक वेळी भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि तो गोळा करून चर्चला द्यायचा, बुहफाई थाम म्हणतात त्याला. त्या मुठी-मुठीतून त्यांची मंडळी मोठमोठी कामं चालवते. त्यांच्याकडे निदान भात सगळ्यांना पुरतो, मग मूठ निघते. तू तुझ्या पोटातली काढतेस, दोन पोरांच्या आईच्या ताटातली, आणि वर लिहितेस तेवढंच. मी इतकी वर्षं हे सदर लिहितेय, दान किती द्यावं विचारणारे खूप भेटले, आपण देतोय हेच माहीत नसलेली तू पहिली.

फक्त एक कर. म्हातारी 65 च्या वरची असेल तर तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, तिलाही तेवढेच 1500 मिळतील, पण तिला कोणी नाही म्हणतेस म्हणजे तहसीलला नेणारंही कोणी नसणार. जाशील तेव्हा तिलाही बरोबर घे, तिचं आधार सापडतंय का आजच बघ, नाव तिच्यावर बरोबर आहे का तेही बघ, म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर नाव हमखास चुकलेलं असतं. दोघींच्या झेरॉक्स एकदमच काढा.